मिस्त्रीचा कान

आमच्या घरात कोणीच हळू बोलत नाही. शेजारच्या जमुनाबाईंना वाटतं, गजभियांकडे रोज भांडण असतं. भांडण असतंही, पण रोज नाही. बाबा राईस मिलमध्ये मिस्त्री. आईनंही लग्नानंतर काही वर्षं त्याच मिलमध्ये काम केलं. मिलमधल्या माणसाचा गळा घरी आल्यावरही खाली उतरत नाही. शिवाय हात आहेतच. बाबांना पाणी हवं असलं की ते अंगठा तोंडाकडे नेतात, पुरे म्हणायचं असलं की तळवा आडवा फिरवतात. धान सोलणारा शेलर, पॉलिशर आणि धान वर चढवणारा एलिव्हेटर एकदम चालू असले की मिलमध्ये तोंडाचा उपयोग फक्त तंबाखूचा खर्रा खायला, असं बाबांच्या जोडीला काम करणारे मनिरामकाका म्हणायचे. मी आणि माझा भाऊ राजदीप, दोघंही धड बोलायला लागायच्या आधी या खुणा शिकलो.

हे सगळं आधी सांगितलं, कारण माझ्या बापाचा कान जात होता आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. दुसऱ्या एखाद्या घरात महिन्याभरात कळलं असतं. आमच्याकडे कानावाचून काही अडतच नव्हतं.

बाबांचं नाव शालिकराम. गोंदियाजवळच्या कामठ्याचे. १९८९ साली गोंदियाच्या रस्त्यावरच्या चुन्नीलाल शेठच्या मिलमध्ये ते हमाल म्हणून लागले. धानाची पोती वाहता वाहता मशीनच्या आवाजाकडे कान लागला आणि तो लागला तो लागलाच. कुठला पट्टा सैल झाला, कुठल्या बेरिंगला ग्रीस हवं आहे, हे त्यांना पोतं पाठीवर असताना कळायचं. जुना मिस्त्री काम सोडून गेला तेव्हा शेठनं पाना त्यांच्या हातात दिला. त्या दिवसापासून शालिक हे नाव मागे पडलं. मोहल्ल्यात मिस्त्री, विहारात मिस्त्री, किराणा दुकानात मिस्त्री. आईसुद्धा दुसऱ्यांशी बोलताना "आमचे मिस्त्री" म्हणायची. म्हणताना तिची मान जरा वर व्हायची, आणि मला त्याचा राग यायचा, कारण माझ्या अभ्यासाबद्दल बोलताना ती कधी वर झाली नाही.

गाडीची गोष्ट २०११ च्या हिवाळ्यातली. मी गोंदियाला पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्गात मुली मोजक्या, आणि मी त्यांच्यातली सगळ्यात तोंडाळ. नागपूरच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात जानेवारीत रिमोटच्या गाड्यांची शर्यत होती. खेळण्यातल्या गाड्या नव्हेत. हातभर लांबीचा ट्रक, जाड दातेरी चाकं, आणि आत खरंखुरं टू-स्ट्रोक इंजिन, लिंबाएवढं. ते मिथेनॉलच्या खास तेलावर चालतं आणि त्याचा वास कपड्यांतून जाता जात नाही. आमच्या गटानं असा एक ट्रक नागपूरच्या सीनियर पोरांकडून जुना घेतला. तो आला तेव्हा एका खोक्यात ट्रक आणि दुसऱ्या खोक्यात ट्रकचे निघालेले भाग होते. शॉकअप गळत होते, मागची चाकं दोन दिशांना तोंड करून उभी होती.

मी तो घरी आणला. घराच्या मागे धानशेतीच्या बांध्या होत्या, धान कापून झालेलं होतं, आणि बाबा होते.

बाबांनी ट्रक हातात घेतला. एकेक चाक धरून हलवलं. मग गुडघ्याएवढ्या उंचीवरून तो अंगणात सोडला. पुढचं तोंड दोन-तीनदा उसळलं आणि मग बसलं.

"पुढचं लई नाचून राहिलं," बाबा म्हणाले. "आतलं तेल पातळ हाय. जाड टाक."

जाड तेल टाकलं. पुन्हा सोडला. आता तो धप्पकन पडला आणि तसाच बसून राहिला, उठेचना. मग दोन्ही तेलं मिसळून पाहिली, स्प्रिंग बदलल्या, चाकांची वरची कड आत झुकवली, मागची चाकं सरळ केली. आमच्या गटातला खुशाल गोंदियाहून बसनं यायचा आणि इंटरनेटवरून उतरवलेले आकडे वाचून दाखवायचा. बाबा ते ऐकून मान डोलवायचे आणि ट्रक पुन्हा अंगणात आपटायचे. दोघांचं छान जमलं होतं. रविवारी बांधीत गाडी सोडायचो. धसकटांतून ती उडत जायची, बांधाच्या धुऱ्यावरून उडी मारायची, पलीकडे तोंडावर पडली की बाबा मातीत बसकण मारून पेचकस चालवायचे. सांजेला आईची हाक यायची, जेवायला या म्हणून, आणि ते यायचे नाहीत. माझा बाप खेळताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मला फार बरं वाटत होतं, इतकं की मला बाकीचं दिसलं नाही.

बाकीचं म्हणजे असं. विहारात वंदना म्हणताना बाबा सगळ्यांच्या पुढे जायला लागले होते. सगळे गाथेच्या एका ओळीवर, हे पुढच्या ओळीवर, आणि आवाज सगळ्यांपेक्षा मोठा. पोरं हसायची. रस्त्यावर मागून ट्रॅक्टर आला तरी ते मधोमध चालत राहायचे, मग ट्रॅक्टरवाल्याची आणि माझी जुंपायची. आणि दिवाळीनंतर एकदा मिलमध्ये एलिव्हेटरचा पट्टा धुमसला होता. मनिरामकाकांना वास आला, त्यांनी मेन स्विच पाडला, म्हणून निभावलं. ही गोष्ट बाबांनी घरी हसत हसत सांगितली होती. मनिरामचं नाक म्हणजे नाक नाही, कुत्र्याचं आहे म्हणे. आम्हीही हसलो.

शॉकअप बसले, चाकं बसली, मग इंजिनाची पाळी आली. त्याच्या कार्बोरेटरला एक पितळी स्क्रू असतो, त्याला सुई म्हणतात. सुई बाहेर काढली की इंजिनाला तेल जास्त मिळतं, धूर जाड येतो, आवाज घोगरा होतो आणि गाडी आळसावते. आत फिरवली की तेल कमी, धूर विरळ, आवाज चढा, आणि गाडी सुसाट. फार आत नेली तर मात्र इंजिन कोरडं पडतं आणि आतल्या आत जळून जातं. मधली जागा शोधायची ती कानानं. खुशाल म्हणाला, "काका हैं ना." मलाही दुसरं कोणी सुचलं नाही.

दुपार होती. बाबांनी ट्रक धुऱ्यावर ठेवला, मी मागची चाकं उचलून धरली, खुशालनं रिमोट घेतला. बाबांनी सुई थोडी आत घेतली. घोगरेपणा गेला. आणखी थोडी. आवाज चढला, बरोबर वाटत होता. मी थांबा म्हणणार तेवढ्यात त्यांनी आणखी फिरवली. आणि आणखी.

तो आवाज मला आजही आठवतो. दातांतून जाणारा. बांधीतले बगळे उठले, जमुनाबाईंची शेळी दावं ओढायला लागली, खुशालनं रिमोट काखेत धरून दोन्ही कान झाकले. धूर जवळपास दिसेनासा झाला होता. आणि बाबा हसत होते. समाधानानं.

"आता कशी चूप झाली," ते म्हणाले.

मला वाटलं, गंमत करतायत. मी ओरडले, "बंद करा बाबा, जळते ती!" त्यांनी वर पाहिलंच नाही. माझ्यापासून हातभर अंतरावर होते. मी पुन्हा ओरडले. मग मी सायलेन्सरच्या तोंडावर चिंधी दाबली आणि इंजिन मेलं.

"काऊन बंद केली वं?" बाबा खरोखर वैतागले होते. "आता तं लागली होती."

खुशाल माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

मिलमधलं मशीन जमलं की शांत होतं. खडखड, करकर, घरघर सगळी जाते आणि एकसारखा दमदार आवाज राहतो. बाबांच्या हाताला एवढंच माहीत होतं की शांत होईपर्यंत फिरवायचं. आणि त्यांच्या कानातून बारीक, चढे आवाज आधी गेले होते. पुढं डॉक्टरनं समजावलं, गोंगाटात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाचं असंच होतं म्हणून. घोगरं इंजिन त्यांना ऐकू येत होतं. किंचाळणारं येत नव्हतं. इंजिन जितकं जिवाच्या आकांतानं ओरडत गेलं तितकं त्यांना ते शांत होत चाललेलं वाटलं.

त्या क्षणी मला गाडी आठवली नाही, एलिव्हेटर आठवला. त्याचा वरचा बेरिंग छपराजवळ असतो. तो जायला लागला की आधी असाच बारीक किंचाळतो. ते ऐकून मिस्त्री मिल थांबवतो. थांबवली नाही तर बेरिंग तापतो, पट्टा तुटतो किंवा पेटतो, आणि पट्ट्याजवळ मनिरामकाका असतात, अडकलेलं धान हातानं मोकळं करत.

मी आईला सांगितलं. ती चुलीपुढे होती. भाकर परतायची थांबली आणि पहिली गोष्ट काय केली, तर उठून दार लावलं.

"चूप राय," ती म्हणाली. आमच्या घरात एवढ्या हळू कोणी कधी बोललं नव्हतं. "कोनाले सांगशील नोको."

"आई, तिथं माणसाचा हात जाईल."

"मिस्त्री हाय तो. कान गेला त मंग काय राईन? पुन्हा पोते उचलू लावशील त्याले? या वयात?" मग तिनं माझा हात घेऊन आपल्या डोक्यावर ठेवला. "माही आन हाय तुले. शेठजवर एक शबद काढलास तं."

मी चिडून हात काढून घेतला. पण आण बसायची ती बसलीच.

मग मी वेगळा मार्ग काढला. खुशालला बोलावलं, आम्ही दोघांनी कानानं सुईची जागा शोधली, आणि मी माझ्या नेलपेंटचा एक लाल ठिपका स्क्रूवर आणि एक कार्बोरेटरवर दिला. दोन ठिपके समोरासमोर आले की बस्स, त्यापुढं न्यायची नाही. दुसऱ्या रविवारी बाबांनी पेचकस लावला आणि थांबले.

"हे लाल काय हाय?"

"खूण आहे."

"कायची?"

"याच्या पुढं न्यायची नाही."

त्यांनी त्या ठिपक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी ठरवलं होतं की ओरडायचं नाही, सावकाश बोलायचं. म्हटलं, "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही."

"मले येते."

"त्या दिवशी इंजिन किंचाळत होतं. तुम्ही म्हणालात चूप झालं."

"त्या पोट्ट्या गाडीचा आवाज नसन येत. मिलचा येते. मी रॉड लावतो ना बेरिंगले, दाताले धरतो दुसरं टोक. सारा आयकू येते."

"वरच्या बेरिंगला कुठं रॉड पुरतो?"

त्यांनी पेचकस खाली ठेवला. तळवा आडवा फिरवला. पुरे. त्यानंतर त्यांनी सुई नेहमी ठिपक्यापर्यंतच नेली, एक केस पुढं नाही, आणि त्या विषयावर आमच्यात एक शब्द झाला नाही. गाडी मात्र अशी लागली की बघत राहावं. धुऱ्यावरून उडायची आणि चारही चाकांवर उतरायची. मला तिच्याकडे बघून आनंद व्हायला हवा होता.

पॉलिटेक्निकला जाताना रस्त्यात मिल लागते. मी रोज फाटकाशी सायकल थांबवायची. आत भुशाच्या धुरळ्यात काही दिसत नाही, पण बाबांची टोपी आणि मनिरामकाकांचा गमछा दिसेपर्यंत मी हलायची नाही. परत येतानाही तेच. मिल मध्येच बंद पडली तर आमच्या घरापर्यंत कळतं, कारण गुणगुण थांबते. वीज गेली की थांबतेच, आणि वीज तर रोज जायची. प्रत्येक वेळी मी हातातलं काम टाकून दारात जायची. मग भोंगा वाजायचा, गुणगुण सुरू व्हायची, आणि मी ज्याच्यावर ओरडता येईल त्याच्यावर ओरडायची, बहुतेक राजदीपवर. आण घातलेली आई दिवसभर मान खाली घालून भाजी निवडायची. तिलाही गुणगुण ऐकू येत होती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मनिरामकाका घरी आले. बाबांचे जुने जोडीदार, हमालीपासूनचे. बाजेवर बसले, चहा घेतला, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "मिस्त्री, वरचा बेरिंग मले काई बराबर नाई वाटून राहिला."

मी दारात उभी होते. काकांनी हे बाबांच्या तोंडासमोर तोंड आणून म्हटलं होतं, नेहमीपेक्षा जवळून.

"कालच आयकलो मी," बाबा म्हणाले. "ठीक हाय. उद्या चालू दे. सोमवारी आल्यावर पायतो."

"उद्या तू नाईस."

"नाई तं काय झालं? ठीक हाय म्हनलो ना."

काकांनी मान हलवली आणि गेले. मी आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. सीझन जोरात होता, मिल रविवारीही चालणार होती, माझ्या बापाच्या शब्दावर.

नागपूरच्या रेल्वेत मी खिडकीशी बसले. खुशाल आणि बाकीची पोरं गाणी म्हणत होती. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ट्रकचं खोकं मांडीवर धरून, मिटल्या तोंडानं, सगळ्यांकडे बघत बसले होते. कोणी हसलं की तेही हसायचे, जरा उशिरा.

कॉलेजच्या मैदानात मातीचा ट्रॅक केला होता, उंचवटे, वळणं, कडेनं रंगीत रिबिनी. बाजूला मांडवात सगळ्या गटांची टेबलं. पाच-सहा इंजिनं एकदम चालू असायची. पहिल्या फेरीत आमची गाडी झकास पळाली. उंचवट्यावर दुसऱ्यांच्या गाड्या कोलांट्या खात होत्या आणि आमची मांजरासारखी उतरत होती. नागपूरची पोरं येऊन विचारायला लागली की सेटिंग कोणी केलं. खुशालनं बाबांना पुढं केलं. बाबांनी हात जोडून "जय भीम" म्हटलं. त्यांना प्रश्न ऐकू आला नव्हता.

दुसऱ्या फेरीत ऊन चढलं होतं आणि गाडी जरा अडखळायला लागली. शेवटच्या वळणावर तिनं रिबीन ओढून आणली. टेबलावर स्टँडवर चढवली, इंजिन चालूच होतं. मागच्या आसाला रिबिनीचे वेढे बसले होते, खुशाल ते बोटानं सोडवायला लागला. बाबा पुढं वाकून धूर बघत होते. धुरावरून आणि इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकून ते आता बरंच काही ओळखायला शिकले होते, हे मला कबूल करायला हवं. थेंब टाकला. तो कसा उडतो ते पाहिलं. मग धूर पाहायला म्हणून इंजिन चढवायचं, त्यासाठी त्यांनी कार्बोरेटरच्या दांडीवर बोट ठेवलं.

खुशालच्या बोटाला रिबीन अडकली होती. त्यानं पाहिलं आणि ओरडला, "काका, रुको! रुको, हाथ है!"

शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी माना वळवल्या. त्यांच्यापलीकडच्या टेबलावरच्यांनीही. मी पाण्याची बाटली टाकून धावले. एकट्या बाबांनी मान वळवली नाही. त्यांनी दांडी दाबली.

मी चिंधी दाबून इंजिन मारेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. रिबीन आवळली, बोट आसापाशी खेचलं गेलं, नख उचकटलं. हाड वाचलं. पण रक्त खूप आलं, पांढऱ्या टेबलाच्या कापडावर, ट्रकच्या चाकांवर, बाबांच्या इस्त्रीच्या शर्टावर. खुशाल बोट दाबून खाली बसला. तोंड पांढरं पडलं होतं, आणि तशातही तो शहाण्यासारखं बोलला. "आवाजच एवढा आहे इथं, काका. किसी को नहीं आता सुनाई."

कॉलेजवाल्यांचा एक सरही तेच म्हणाला. हो, इथं गोंगाट फार आहे, चूक कोणाची नाही. सगळ्यांनी मिळून बाबांना एक चांगलंसं कारण आणून दिलं होतं. घ्यायचं तेवढं बाकी होतं.

बाबांनी वळलेल्या माना पाहिल्या होत्या. दांडी दाबल्यावर त्यांनी डोकं वर केलं तेव्हा सगळं मैदान त्यांच्याकडे तोंड करून उभं होतं. ते खुशालच्या बोटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तेथं मनिरामचा हात राहते."

पोरांना काही कळलं नाही. मला कळलं.

खुशालला पोरं दवाखान्यात घेऊन गेली. आमची अंतिम फेरी बाकी होती, ती आम्ही पळवली नाही. पुढं लोक मला विचारायचे, मग नंबर कितवा आला, तेव्हा त्यांच्या कानाखाली द्यावीशी वाटायची.

"शेठले फोन लाव," बाबा म्हणाले.

"बाबा, घरी जाऊन बोलू."

"आता लाव. माझ्यानं फोनवर नाई आयकू येत. तू बोल. म्हन, मिल बंद करा. म्हन, मिस्त्रीले आयकू नाई येत."

बांधीत हेच वाक्य मी त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं. आता ते त्यांच्या वतीनं शेठला सांगायचं होतं. आईची आण आठवली. विहारातले लोक आठवले, मिस्त्री म्हणून हाक मारणारे. पण बाबा माझ्यासमोर उभे होते आणि त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. मी सगळं सांगते की नाही, ते तिथं वाचणार होते.

शेठनं फोन उचलला. मागं मिलची घरघर.

"शेठजी, पिंकी बोलतेय, शालिकरामची मुलगी. बाबा म्हणतात मिल बंद करा. वरचा बेरिंग..."

"क्या? सीझन में चालू मिल बंद कर दूँ? मिस्त्री ने खुद कल कहा था, ठीक है।"

"त्यांना ऐकू येत नाही, शेठजी."

"क्या बोली? जोर से बोल।"

मी जोरात बोलले. मांडवात तेव्हा नेमकं एकही इंजिन चालू नव्हतं. "माझ्या वडिलांना ऐकू येत नाही! त्यांनी बेरिंग ऐकलेलाच नाही! बंद करा, मनिरामकाकांचा हात जाईल!"

बाबांनी मान हलवली. बरोबर.

शेठ काही तरी पुटपुटला, मग त्याची कोणाला तरी हाक ऐकू आली. थोड्या वेळानं घरघर उतरायला लागली, आधी शेलर, मग पॉलिशर, सगळ्यात शेवटी एलिव्हेटरची फटफट. मी बाबांना तळव्यानं खूण केली. त्यांनी डोळे मिटले आणि टेबलाला धरून उभे राहिले. मग हात पुढं केला.

"मनिरामले बोलवा म्हन. मले दे."

काका फोनवर आल्यावर मी फोन त्यांच्या हातात दिला. कानाला लावून काय उपयोग, पण त्यांनी तो कानाला लावला, नीट, दोन्ही हातांनी, आणि एकट्यानंच बोलले. "मनिराम, मी शालिक. मी तुले खोटं सांगतलो. वरचा बेरिंग मले नाई आयकू येत. दिवारीच्या आधीपासून नाई येत. तू पट्ट्याजवर जाशील नोको बाप्पा."

बोलून झाल्यावर त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "काय म्हनते इचार."

 काका जे म्हणाले ते मला वाटतं मी कधीच विसरणार नाही. म्हणाले, "मिस्त्रीले सांग पोरी, मले मालूम हाय. दिवारीनंतर पट्टा जरला तवापासून मालूम हाय. म्हनून तं मी रोज वर चढतो अना चालू मशीनवर बेरिंगले हात लावून पायतो, तपला का नाई तं. आता सकारीबी पायलो."

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हनला?"

मी सांगितलं.

"काय?"

मी पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द ओठांवर दिसेल असा. त्यांनी तिसऱ्यांदाही विचारलं. पण त्यांना पहिल्याच वेळी समजलं होतं.